बाबा म्हणतात ‘सुई देऊन मोकळं करा’: इच्छामरण, संथारा आणि व्हेंटिलेटरबद्दल चोपडा तालुक्यातल्या एका भावाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. चोपडा तालुक्यातलं गाव. वडील ६८ वर्षांचे, तंबाखूची जुनी सवय, गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, आठ महिन्यांनी मानेत गाठ परत आली आणि आता ती फुटून जखम झाली आहे. बरं करणारा इलाज आता उरला नाही, असं मोठ्या दवाखान्यात स्पष्ट सांगितलं. नाकात नळी आहे. बोलता येत नाही म्हणून ते नातवाच्या पाटीवर लिहितात: सुई देऊन मोकळं करा. शेजारच्या जैन घरातल्या आजींनी मागच्या वर्षी संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायचं जैन व्रत, घेतला तेव्हा सगळं गाव दर्शनाला गेलं होतं. वडील विचारतात, त्यांना चालतं तर मला का नाही? आणि तुमचे थोरले भाऊ माळकरी आहेत. ते म्हणतात, दम लागला तर जळगावला नेऊन व्हेंटिलेटर लावायचाच, नाही लावला तर ती पितृहत्या. तुम्ही विचारलंय की कायदा काय म्हणतो, धर्म काय म्हणतो आणि मी नेमकं काय करू.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काढली आणि गेली सोळा वर्षं खान्देशातल्या गावांमध्ये, ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा लोकांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं कमी करण्याचं काम करते. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे औषधांबद्दल जे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानेच करायचं.

तुमच्या लिहिण्यात एक ओळ अगदी मध्ये, जाता जाता आली आहे: ‘वास येतो म्हणून त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय, मुलं जवळ जात नाहीत.’ आणि दुसरी: ‘दुखलं की गोळी देतो.’ माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या दोन ओळींत आहे. इच्छामरणाचा वाद मोठा आहे, त्यावर मी पुढे बोलणारच आहे. पण ज्या माणसाचं दुखणं नीट आवरलेलं नाही आणि जो घरातल्या घरात एकटा पडला आहे, त्याने ‘मारा’ म्हटलं तर ते त्याचं शेवटचं मत आहे असं धरून चालता येत नाही. आधी त्याचं दुखणं थांबवायचं, त्याला माणसांत आणायचं आणि मग पुन्हा विचारायचं.

पारोळ्याकडच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या वडिलांच्या अगदी जवळची आहे. आजार तोच, जागा तीच. मी गेले तेव्हा त्यांची खाट गोठ्यात होती. वासामुळे त्यांनी स्वतःच तिथे टाकायला लावली होती. मला पाहिल्याबरोबर घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘डॉक्टर, माले आते सोडी द्या.’ मानेवरची पट्टी काढली तर जखमेत अळ्या. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस जखमेच्या कडेला धरला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायच्या. सुनेने स्टीलची वाटी धरली होती. तिने तोंड फिरवलं नाही, हे मला अजून आठवतं. तास-दीड तास गेला. मग जखम धुऊन मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड तिच्यावर टाकली. जखमेचा वास मारायला याहून स्वस्त औषध मला माहीत नाही. मॉर्फीन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, सुरू केलं, दर चार तासांनी, घड्याळ लावून.

चौथ्या दिवशी गेले तर खाट ओट्यावर आलेली. नातू त्यांच्या केसांना तेल लावत होता. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो कापसाच्या भावाचा. त्यानंतर ते सात आठवडे जगले आणि घरीच गेले. त्या सात आठवड्यांत त्यांनी ‘सोडून द्या’ पुन्हा म्हटलं नाही. ‘अजून किती दिवस?’ असं मात्र एकदा विचारलं, आणि त्याचं खरं उत्तर मी त्यांना दिलं.

प्रत्येकाचं असंच होतं, असं मी म्हणणार नाही. काही जण वेदना थांबल्यावरही मरण मागतात. पण माझ्या कामात असे थोडे, आणि पारोळ्याच्या बाबांसारखे पुष्कळ.

आता कायदा. तो मोकळेपणाने सांगते, कारण गावात त्याबद्दल भलत्याच समजुती आहेत.

मरणासाठी सुई देणं भारतात गुन्हा आहे. पेशंटने स्वतः मागितली, लिहून दिलं, तरीही. सज्ञान माणसाच्या संमतीने त्याला मारलं तर तो खून धरला जात नाही, पण सदोष मनुष्यवध होतोच. मरायला साधन आणून देणं म्हणजे आत्महत्येला मदत, तोही गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण या बाबतीत काही बदललं नाही.

उपचार न घेणं किंवा निरुपयोगी उपचार थांबवणं ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्या कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांना मरू द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी ठामपणे विरोध केला. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने शानबाग यांच्यापुरतं नाही म्हटलं, पण अशा रुग्णांचे उपचार कडक अटींवर थांबवता येतील, असं पहिल्यांदा मान्य केलं. शानबाग १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणावर, आणि त्या काळात पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्या प्रकरणात विराणीही कळवळ्याने बोलत होत्या आणि परिचारिकाही. तुम्हा दोघा भावांकडे मी त्याच नजरेने बघते.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शुद्धीत असलेला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो. पुढे शुद्ध हरपली तर काय करावं आणि काय करू नये, हेही तो आधी लिहून ठेवू शकतो. २४ जानेवारी २०२३ ला ती पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे, पूर्वीसारखं न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही. माणूस बेशुद्ध असेल आणि व्हेंटिलेटर काढायचा असेल तर दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, घरच्यांची संमती घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. तुमचे वडील शुद्धीवर आहेत, पाटीवर लिहितात. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आज ते स्वतः सांगू शकतात. त्यांचं म्हणणं या आठवड्यातच नीट लिहून, साक्षीदार घेऊन, नोटरी करून घ्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचं तेही त्यात येऊ द्या, आणि दोघाही भावांची नावं घाला. थोरल्यांना वगळून कागद केलात तर तुमच्या घरात तो कागदच भांडण होईल.

इथे एक गोष्ट मला फार लागते. आमच्याकडच्या कित्येक दवाखान्यांत डॉक्टर कायद्याला घाबरतात. घरचे म्हणाले, ‘आता घरी नेतो’, की ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे’ अशा कागदावर सही घेतात, नळ्या काढतात आणि पेशंटला गाडीत घालतात. सोबत मॉर्फीन नाही, श्वासासाठी औषध नाही, फोन नंबर नाही. अशाच एका पेशंटच्या घरी मी रात्री अकराला पोचले होते. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यातून दुपारी आणलेला, मे महिन्याचा उकाडा, माणूस घुसमटत होता आणि सगळं घर कोपऱ्यात उभं राहून रडत होतं. मुलाच्या खिशात त्या कागदाची घडी होती. आपण बापाला मारायला घरी आणलं, असं त्याला वाटत होतं. कॅन्सरने फुप्फुसं भरली होती म्हणून बाप मरत होता. पण हाल झाले ते औषध न दिल्यामुळे, आणि ते टाळता आले असते. घरी आणणं चूक नव्हतं. रिकाम्या हाताने आणणं चूक होतं. तुम्ही घरी ठेवायचं ठरवलंत तर आधी औषधं आणि एक डॉक्टर ठरवून ठेवा.

आता धर्म. मी पंडित नाही. पण मरणाच्या खाटेपाशी माळकरी, महानुभाव, जैन, बौद्ध, तडवी, ख्रिस्ती असे सगळे मला भेटले, आणि त्यांच्यासाठी मला वाचावंही लागलं.

आधी संथारा, कारण वडिलांचा प्रश्न तिथूनच आला आहे. दिगंबर परंपरेत याला सल्लेखना म्हणतात. आचार्य समंतभद्रांनी तो केव्हा घ्यावा हे सांगितलं आहे: उपाय नसलेलं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा आजार आला असताना, धर्मासाठी. गुरूची परवानगी लागते, क्षमा मागायची असते, आहार हळूहळू सोडायचा असतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच दोष दिले आहेत आणि त्यांतले पहिले दोन आहेत जीविताशंसा आणि मरणाशंसा. म्हणजे अजून जगावं ही इच्छा जशी दोष, तशी लवकर मरावं ही इच्छासुद्धा दोषच. दुखतंय म्हणून मरण मागणं संथाऱ्याच्या स्वतःच्या नियमात बसत नाही. शेजारच्या आजी आणि तुमचे वडील यांच्यात जैन असण्या-नसण्याचा फरक दुय्यम आहे. आजींचं मन शांत होतं. वडिलांचं मन वेदनेने पिळवटलेलं आहे. ती वेदना आपण आधी काढू शकतो.

संथाऱ्यावरही वाद झालाच. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने त्याला आत्महत्या ठरवलं. जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही मी हलका मानत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईने व्रत घेतलं की तिला मागे फिरणं किती जड जात असेल, हा प्रश्न खरा आहे.

तुमचे थोरले भाऊ ईशोपनिषदाचा दाखला देतात. ‘आत्महनो जनाः’, म्हणजे आत्मघात करणारे अंधाऱ्या लोकात जातात. त्यांना सांगा की आदि शंकराचार्यांनी तिथे ‘आत्महन’चा अर्थ आत्मस्वरूप न ओळखणारे अज्ञानी असा केला आहे. आपल्या परंपरेत आत्महत्येचा निषेध आहे, पण अन्न सोडून देह ठेवणारं प्रायोपवेशनही आहे. देह पडेपर्यंत चालत राहायचं, ते महाप्रस्थानही एकेकाळी मान्य होतं, पुढे ते कलियुगात वर्ज्य ठरवलं गेलं. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, आणि आपल्या तापीकाठी मेहुणला मुक्ताई गुप्त झाली, तिथे भाऊ दरवर्षी पायी जात असतील. त्या समाधीला ते आत्महत्या म्हणत नाहीत. अर्थात कॅन्सरच्या पेशंटचं मरण म्हणजे समाधी, असं मी म्हणत नाही. तेवढंच सांगते की देह सोडण्याच्या सगळ्या प्रकारांना आपल्या धर्माने एकच नाव दिलेलं नाही.

इच्छामरण म्हटलं की सगळे भीष्मांचं नाव घेतात. त्यांना इच्छामरणाचा वर होता तरी ते उत्तरायणाची वाट बघत शरपंजरी पडून राहिले. मरण लांबवायला त्यांनी तो वर वापरला, हे लोक विसरतात. आणि अलीकडचं उदाहरण विनोबांचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. गीतेचा आठवा अध्याय अंतकाळाबद्दलच आहे. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी औषध आणि अन्न दोन्ही थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. कोणी त्यांना सुई दिली नाही. कोणी त्यांच्या तोंडात नळी कोंबली नाही. तुमच्या भावांना हे नक्की सांगा, कारण माळकरी माणसाच्या मनात विनोबांना जागा असते.

‘भोग आहेत, ते भोगूनच संपवायचे’ हे भाऊ म्हणतात तेही तुम्ही लिहिलंय. मी हा मुद्दा खूप ऐकलाय आणि तो हसण्यावारी नेत नाही. ज्याला आयुष्यभर या विश्वासाने तारलं, त्याला शेवटी तो सोड म्हणणं क्रूरपणा आहे. मी एवढंच विचारते: ऑपरेशनला नेलं तेव्हा भोग का आठवले नाहीत? शेक देताना? मग मॉर्फीन देतानाच का? आणि भोगात ढवळाढवळ करायची नसेल तर व्हेंटिलेटर ही त्यातली सगळ्यात मोठी ढवळाढवळ आहे.

इस्लाममध्ये स्वतःला मारणं आणि दुसऱ्याला मारणं दोन्ही हराम आहे, त्यात मला कोणी तडजोड करताना दिसला नाही. पण यावल-रावेरकडच्या एका घरात मौलानांनी माझ्यासमोर मुलांना सांगितलं की ज्या इलाजाने फक्त तडफड लांबते तो करणं फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. कॅथलिक चर्चचा सुईला कडक विरोध आहे. तरी पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच सांगितलं की असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती नाही, आणि वेदना थांबवण्याच्या हेतूने दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी ते औषध द्यायला हरकत नाही. मॉर्फीनबद्दल तर आज असं दिसतं की ते योग्य प्रमाणात, वाढवत-वाढवत दिलं तर त्याने मरण लवकर येत नाही.

महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात १९२८ साली एक वासरू असह्य तडफडत होतं. गांधींनी डॉक्टर बोलावून त्याला सुई देऊन मारायला सांगितलं. केवढं काहूर उठलं. माणसालाही हाच न्याय लावाल का, असं लोकांनी विचारलं. तत्त्व तेच आहे, असं गांधींनी मान्य केलं. पण माणसाच्या बाबतीत आपण तसं करत नाही, कारण त्याची सेवा करायची साधनं आपल्या हाती असतात आणि तो स्वतः विचार करून ठरवू शकतो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. सोळा वर्षं घरोघर फिरल्यावर या वादातलं मला सगळ्यात कामाचं वाक्य हेच वाटतं. ती साधनं आपल्या हाती आहेत का? ज्या अफूपासून मॉर्फीन निघतं ती सातपुडा ओलांडला की पलीकडे नीमच-मंदसौरला पिकते. गोळी काही रुपयांची आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने ती मिळणं अवघड केलं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले. तरी आजही आपल्याकडच्या कित्येक तालुक्यांत ती मिळत नाही. जिथे मॉर्फीन पोचत नाही तिथे मरणाची सुई कायदेशीर केली, तर तो माणूस दोन गोष्टींतून निवड करतोय असं म्हणता येईल का?

म्हणून मी स्वतः सुई देत नाही, आणि उद्या कायद्याने परवानगी दिली तरी देणार नाही. याचं दुसरं कारण एका ओट्यावर बसून कळलं. एका सधन घरी मुलाने मला बाहेर नेऊन हळूच विचारलं, ‘मॅडम, काहीतरी द्या, आता बघवत नाही.’ मी आत गेले. आई उशीला टेकून बसली होती. तिने मला विचारलं, आखाजी (अक्षय्य तृतीया) कधी आहे, कारण तिला आमरस खायचा होता. मुलगा वाईट नव्हता, तो थकला होता. तीन महिने झोपला नव्हता. पण ‘बघवत नाही’ म्हणणारा एक आणि मरणारा दुसरा, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही. आपल्या घरांत सातबारा असतो, लग्नं अडलेली असतात, कर्ज असतं. म्हातारं माणूस हे सगळं ऐकत पडलेलं असतं आणि एक दिवस आपणहून म्हणतं, मला मोकळं करा. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध स्वतः घेऊन मरायची कायदेशीर मुभा आहे. तिथेही लोक जी कारणं देतात त्यांत वेदना पहिल्या क्रमांकावर नाही. आपला ताबा जाणं, आवडीचं काही करता न येणं, सन्मान जाणं, ही कारणं वर असतात. घरच्यांवर ओझं होण्याची भीतीही बरेच जण सांगतात.

पण माझ्या विरोधातला सगळ्यात सच्चा माणूसही सांगते. अमळनेरकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, मोटर न्यूरॉनचा आजार. एकेक स्नायू निकामी होत गेला. वेदना फारशा नव्हत्या, घर प्रेमळ, पैसा पुरेसा, नैराश्य नाही, मानसोपचारतज्ज्ञांनीही तपासलं होतं. त्या म्हणत, ‘मी सगळं आयुष्य स्वतः ठरवलं, एवढंच दुसऱ्याच्या हातात का?’ नेदरलँड्समध्ये २००२ पासून अशा माणसाला कायदा डॉक्टरांकडे मागणी करू देतो: यातना असह्य हव्यात, सुधारणेची आशा नको, आणि दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यायला हवं. त्या बाईंना मी पटेल असं उत्तर देऊ शकले नाही. त्यांनी व्हेंटिलेटर नको म्हणून लिहून ठेवलं. शेवटी श्वास कमी पडू लागला तेव्हा मी घुसमट जाणवू नये इतपत गुंगीचं औषध दिलं आणि त्या झोपेतच गेल्या. मी त्यांचं आयुष्य संपवलं नाही, त्यांची घुसमट थांबवली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्यांना तो पोकळ वाटायचा, आणि तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. माझ्या बॅचचे दोन मित्र आजही त्यांच्या बाजूने आहेत, आणि दोघंही माझ्याइतकेच पेशंटवर जीव टाकणारे आहेत.

तर आता तुमचं घर. तुम्ही सांगितलंत त्यावरून मला दिसतं ते असं. वडिलांच्या मानेत गाठ आहे, ती श्वासनलिका दाबते. व्हेंटिलेटर ती गाठ घालवणार नाही. आयसीयूत त्यांचे हात बांधावे लागतील, पाटीही काढून घेतील, आणि तुम्ही काचेबाहेर उभे राहाल. श्वासाची घुसमट मॉर्फीनच्या छोट्या मात्रेने, टेकून बसवण्याने आणि चेहऱ्यावर टेबलफॅनची वाऱ्याची झुळूक सोडण्याने पुष्कळ कमी होते. म्हणून मी व्हेंटिलेटरसाठी नेणार नाही. त्याला पितृहत्या म्हणू नये. त्यांना मारणारा आजार तुम्ही आणलेला नाही. वडील मात्र लावा म्हणाले, तर त्यांचं ऐकायचं. शेवटी ठरवणारे तेच आहेत.

नळीचं लगेच काही करू नका. आधी दुखणं आटोक्यात आणा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग विचारा. तेव्हाही ते शांतपणे ‘नळीतून खायला नको’ म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे, त्यांना जबरदस्तीने भरवू नका. शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न नाकारतं. तेव्हा ओल्या कापसाने ओठ पुसणं, तुळशीचं पाणी ओठांना लावणं पुरतं.

तुम्ही ‘दुखलं की’ ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी देता, ते बदलायला हवं. दुखणं डोकं वर काढायच्या आत औषध गेलं पाहिजे, ठरलेल्या वेळी, रात्रीसुद्धा. मॉर्फीनची साधी गोळी कुटून, पाण्यात कालवून नळीतून जाते. जिल्हा रुग्णालयात किंवा कॅन्सरच्या दवाखान्यात पॅलिएटिव्ह विभाग आहे का, हे उद्याच विचारा. मानेच्या जखमेतून कधी मोठा रक्तस्राव होऊ शकतो. घाबरवायला लिहीत नाही, तयार राहावं म्हणून लिहिते. गडद रंगाचे दोन-तीन जाड टॉवेल खाटेजवळ ठेवा, पांढरे नकोत, आणि तशा वेळी द्यायचं गुंगीचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. वडील सारखे रडत असतील, झोपत नसतील, तर नैराश्यासाठीही तपासून घ्या, त्यालाही औषध आहे. आणि तुम्हाला स्वतःला काळोख वाटू लागला तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

थोरल्या भावांशी वाद घालू नका. त्यांना एक रात्र वडिलांजवळ एकटं बसू द्या, पाटी हातात द्या, आणि तुम्ही बाहेर थांबा. तुमच्याशी ते भाऊ म्हणून भांडतात. वडिलांनी स्वतःच्या हाताने त्यांना काय लिहून दाखवलं, ते त्यांनी एकट्याने वाचायला हवं.

खाट मागच्या खोलीतून पुढे आणा. जखम धुऊन झाली, वास गेला, की त्याच दिवशी. आणि मॉर्फीनची पहिली गोळी सुरू होईल त्याच दिवशी बद्धकोष्ठाचं औषधही सुरू करा. डॉक्टर लिहायला विसरले तर तुम्ही आठवण करा, नाहीतर पाचव्या दिवशी पोट फुगेल आणि भाऊ म्हणतील, बघा, या औषधानेच झालं.